क्लोव्हरचा बेवड

मराठी कुणब्याच्या बोलींत ‘बेवड’ हा एक मोठा अर्थगर्भ शब्द आहे. एक पीक निघून जातांना जमिनीच्या पदरांत जें कांहीं टाकून जातें, किंवा तिच्या पदरचें जें ओढून नेतें, त्या बऱ्यावाईट वारशाला बेवड म्हणतात. हरभऱ्याचा अथवा तुरीचा बेवड चांगला, हें देशावरील शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याकरितां त्याला रसायनशास्त्राची पोथी उघडावी लागली नाहीं. परंतु जेथें असा पिढीजात अनुभव नाहीं, जेथील नांगर, बियाणें आणि माणसें हीं तिन्ही परदेशांतून आलेलीं आहेत, अशा नव्या भूमींत शेतकऱ्यानें काय करावें? बेवडाचें मर्म समजावयास तेथें किती वर्षें लागतात, आणि तोंपर्यंतच्या अज्ञानाची किंमत कोण देतो? ह्या प्रश्नाचें उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरडवाहू शेतीच्या इतिहासांत सांपडतें. गहूं, मेंढी आणि एक क्षुद्र दिसणारें त्रिदळी गवत ह्यांची ती कथा आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ सालीं स्थापन झाली. तेथील हवामान भूमध्य समुद्राच्या कांठच्या देशांसारखें आहे. पाऊस पडतो तो थंडीच्या दिवसांत, म्हणजे सुमारें मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. पहिल्या पावसावर गहूं पेरावा आणि उन्हाळा लागतांच तो कापावा, असा तेथील क्रम. जमीन विस्तीर्ण आणि माणसें थोडीं, म्हणून हातांची उणीव यंत्रांनीं भरून काढण्याकडे लोकांचें लक्ष आरंभापासूनच होतें. जॉन रिडले ह्यानें १८४३ सालीं उभ्या पिकाच्या ओंब्या ओरबाडून घेणारें यंत्र चालवून दाखविलें. पुढें मॅली नांवाच्या झुडुपी निलगिरीचीं रानें तोडून शेतें करण्यास प्रारंभ झाला, तेव्हां जमिनींत राहिलेल्या चिवट खोडांवर नांगर मोडूं लागले. त्यावर रिचर्ड बॉयर स्मिथ ह्यानें १८७६ सालीं, खोड आडवें येतांच आपोआप उचलला जाऊन पलीकडे उतरणारा नांगर तयार केला. अशा रीतीनें जमीन मोडण्याची विद्या फार लवकर साध्य झाली. ती जोपासण्याची विद्या मात्र मागें राहिली.

ह्या अंतराची पहिली शिक्षा उत्तरेकडील शेतकऱ्यांना भोगावी लागली. १८६४-६५ सालीं मोठें अवर्षण पडलें, तेव्हां सर्व्हेयर-जनरल जॉर्ज गॉयडर हा घोड्यावर बसून शेंकडों मैल हिंडला, आणि अवर्षणाची झळ कोठपर्यंत पोंचली आहे हें त्यानें नकाशावर एका रेषेनें दाखविलें. त्याच्याजवळ पर्जन्यमानाचे पुरेसे आंकडे नव्हते. त्यानें झाडोऱ्याची साक्ष काढली. जेथें मॅलीचें रान संपून खारवट झुडुपांचा प्रदेश लागतो, तेथें भरंवशाची शेती संपते, असें त्यानें ठरविलें. पुढील काळांतील मोजणीनें दिसून आलें कीं, ही रेषा वर्षाकांठीं सुमारें १० ते १२ इंच पावसाच्या मर्यादेशीं जुळते. पण मध्यंतरीं कांहीं वर्षें चांगला पाऊस झाला, आणि नांगरामागून पाऊस येतो असें लोकांना वाटूं लागलें. १८७४ सालीं सरकारनें रेषेपलीकडची जमीन शेतीसाठीं खुली केली. गव्हाच्या आशेनें तेथें गांवें आंखलीं गेलीं. एका गांवाला तर लॅटिन भाषेंत ‘पीठ’ ह्या अर्थाचें ‘फरीना’ हें नांव देण्यांत आलें. १८८० पासून पुन्हां अवर्षणें सुरू झालीं. जीं कुटुंबें घरें बांधून तेथें राहिलीं होतीं, त्यांतील अनेकांना तीं घरें तशींच टाकून परत फिरावें लागलें. फरीना येथें आज दगडी भिंतींचे अवशेष तेवढे उभे आहेत.

रेषेच्या अलीकडे तरी सारें कुशल होतें असें नव्हे. तेथें पाऊस होता, पण जमीन थकत चालली होती. आरंभींच्या काळांत गव्हाचें उत्पन्न एकरीं बारा-तेरा बुशेलपर्यंत येत असे. १८९० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियाची सरासरी सात-आठ बुशेलवर आली. एक बुशेल गहूं म्हणजे सुमारें २७ किलो; तेव्हां एका एकरांतून जेमतेम दोनशें किलो गहूं निघूं लागला, असा ह्याचा अर्थ. वर्षानुवर्षें एकाच शेतांत गहूं, आणि त्यांतील पुष्कळसा जहाजांत भरून परदेशीं रवाना. दाण्याबरोबर जमिनींतील स्फुरदही समुद्रापार जात होतें. ऑस्ट्रेलियाची माती अतिप्राचीन आणि झिजलेली; तिच्यांत स्फुरद मुळांतच थोडें. जें थोडें होतें तेंही गव्हानें कांहीं दशकांत वेंचून नेलें. शेतकरी मात्र पावसाला बोल लावीत असे.

ह्या दुखण्याचें पहिलें निदान जॉन कस्टन्स ह्या अध्यापकानें केलें. तोक्योनजीकच्या कोमाबा येथील शेतकी शाळेंत शिकवून तो ॲडिलेडकडे आला होता. रोझवर्दी येथील शेतकी महाविद्यालय १८८३ सालीं सुरू झालें. ऑस्ट्रेलियांतील तशा प्रकारची ती पहिलीच संस्था. तेथें सुपरफॉस्फेट ह्या खताचे प्रयोग करून कस्टन्सनें त्याचा पुरस्कार केला. परंतु वरिष्ठांशीं त्याचें पटलें नाहीं, आणि त्याला पद सोडावें लागलें. त्याच्यामागून आलेल्या विल्यम लॉरी ह्या स्कॉटिश गृहस्थानें तेंच काम चिकाटीनें पुढें चालविलें. बियाणें हातानें फेंकण्याऐवजीं पेरणीयंत्रानें ओळींत पेरावें आणि त्याच नळींतून थोडेंसें सुपरफॉस्फेट बियाच्या शेजारीं सोडावें, ही त्याची शिकवण होती. पाभरीनें पेरणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ओळींत पेरण्याचें नवल वाटणार नाहीं. पण बीं विस्कटून पेरणाऱ्या त्या मुलुखांत ही मोठी सुधारणा ठरली. खत अगदीं थोडें लागे, आणि पीक डोळ्यांत भरण्याइतकें सुधारे.

त्याच सुमारास गव्हाची जातही बदलली. न्यू साउथ वेल्समधील विल्यम फॅरर ह्यानें अनेक वर्षें संकर करून ‘फेडरेशन’ नांवाचा गहूं तयार केला आणि तो १९०१ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हातीं आला. त्याच्या वंशावळींत ‘इटावा’ नांवाचा एक हिंदुस्थानी गहूं आहे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांना विशेष वाटेल. लवकर तयार होणारा आणि ताठ बुटक्या ताटाचा हा गहूं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या हवेला मानवला, आणि पुढें बरींच वर्षें तो तेथील प्रमुख गहूं होऊन राहिला. खत, नवें बियाणें आणि पड ह्या तिघांच्या योगानें उत्पन्न पुन्हां पूर्वीच्या बारा बुशेलांच्या आसपास आलें. संकट टळलें असें सर्वांना वाटलें.

परंतु ह्या तिघांतील ‘पड’ हा जोडीदार दगलबाज होता. एक वर्ष गहूं घ्यावा आणि दुसऱ्या वर्षीं शेत नांगरून उघडें ठेवावें, वारंवार कुळवून त्यांत गवताची काडी उगवूं देऊं नये, म्हणजे एका वर्षाची ओल पुढील पिकाला मिळते, अशी ही पद्धत. ओल कांहीं अंशीं सांठे ही गोष्ट खरी. पण पडीनंतरच्या गव्हाला जो जोर येई त्याचें मुख्य कारण वेगळें होतें. उघड्या, वारंवार चाळवलेल्या मातींतील सेंद्रिय द्रव्य झपाट्यानें कुजतें, आणि त्यांतील नत्र मोकळें होऊन पिकाला मिळतें. म्हणजे हा व्याजावर चाललेला संसार नव्हता. मूळ ठेव मोडून दरवर्षीं सण साजरा करण्याचा तो प्रकार होता. सेंद्रिय द्रव्य गेलें तशी मातीची घडण गेली. ढेंकूळ हातांत धरतांच त्याचा भुगा होऊं लागला. १९३० नंतरच्या मंदीनें शेतकरी कर्जबाजारी झाला होता. त्यावर अवर्षणांची भर पडली, आणि मॅलीच्या प्रदेशांतून तांबड्या धुळीचे लोट उठूं लागले. कुंपणें वाळूखालीं बुजलीं. न्यू साउथ वेल्सनें १९३८ सालीं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियानें १९३९ सालीं मृदसंधारणाचे कायदे केले. पण कायद्यानें माती एका जागीं बसत नाहीं. तिला धरून ठेवणारें मूळ लागतें.

तें मूळ पन्नास वर्षांपूर्वीच एका माणसाच्या नजरेस पडलें होतें. ॲडिलेडच्या पूर्वेस डोंगराळ भागांत माउंट बार्कर नांवाचें गांव आहे. त्याच्या जवळ एमॉस हॉवर्ड हा रोपवाटिकेचा व्यवसाय करणारा गृहस्थ राहत असे. १८८९ सालीं शेजारच्या एका शेतांत त्याला एक तण जोमानें वाढलेलें दिसलें. मेथीसारखीं तीन तीन पानें, जमिनीसरपट पसरणाऱ्या फांद्या, आणि जनावरें तें आवडीनें खात असलेलीं. तें सबटरेनियन क्लोव्हर, म्हणजे भूमिगत क्लोव्हर होतें. मूळचें भूमध्य समुद्राकांठचें हें गवत कोणी मुद्दाम आणलेलें नव्हतें. परदेशांतून आलेल्या मालांत त्याचें बीं चुकून मिसळून आलें आणि येथें रुजलें. त्या वाटेनें जाणाऱ्या कित्येकांनीं तें पाहिलें असेल. तण म्हणून उपटलेंही असेल. हॉवर्डनें त्याचें निरीक्षण आरंभिलें, बीं गोळा केलें आणि तें स्वच्छ करण्याच्या युक्त्या शोधिल्या. १९०६ पासून तो वर्तमानपत्रांतून त्याचे गुण सांगूं लागला आणि बियाणें विकूं लागला. आरंभीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. धान्यही न देणारें आणि उन्हाळ्यांत वाळून नाहींसें होणारें गवत पैसे देऊन कोण पेरणार? १९३० सालीं हॉवर्ड वारला, तेव्हां ओलसर डोंगराळ भागांतील कुरणांत त्याचें क्लोव्हर पसरलें होतें; गव्हाच्या विस्तीर्ण मुलुखाशीं त्याचा खरा संबंध अजून यावयाचा होता.

ह्या वनस्पतीची जीवनरीति मोठी चमत्कारिक आहे. शरदांतील पहिल्या पावसाबरोबर ती उगवते, थंडीभर पसरते आणि वसंतांत तिला लहान पांढरट फुलें येतात. परागीभवन फुलांतल्या फुलांतच होतें. मग फुलाचा देंठ खालीं वांकतो, आणि भुईमुगाच्या आऱ्यांप्रमाणें जमिनींत शिरून आपलें बोंड मातींत पुरतो. वरचें झाड उन्हाळ्यांत वाळून जातें, मेंढ्या तें वाळलेलें गवत खातात. पण बीं जमिनींत सुरक्षित राहतें. शिवाय सगळें बीं एकाच पावसांत उगवत नाहीं. कांहीं बियांचें कवच इतकें टणक असतें कीं, पाणी आंत शिरावयास एक-दोन उन्हाळ्यांचा तडाखा त्यांना सोसावा लागतो. त्यामुळें अवेळीं पडलेल्या सरीनें फसून उगवलेलीं रोपें मेलीं, किंवा मध्यें एक वर्ष गहूं पेरला गेला, तरी वंश बुडत नाहीं. एकदां पेरलें कीं पुढें वर्षानुवर्षें आपोआप उगवणारें हें कुरण होय.

त्याचा दुसरा गुण डोळ्यांना दिसणारा नव्हता. शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र बांधून ठेवतात, हें हेलरीगेल आणि विल्फार्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केलें. म्हणजे आपल्याकडील हरभऱ्याच्या बेवडाचें रहस्य त्या गांठींत होतें. क्लोव्हरचा जो भाग जमिनीवर वाढतो, त्याच्या वाळलेल्या एका टनामागें सुमारें २० ते २५ किलो नत्र हवेंतून मिळतें, असा ठोकताळा आतां बसविलेला आहे. पण ह्याला एक अट होती. क्लोव्हरला स्फुरदाची भूक मोठी. सुपरफॉस्फेट दिल्यावांचून तें त्या झिजलेल्या मातींत नीट वाढत नसे. स्फुरद क्लोव्हरला द्यावें, क्लोव्हरनें नत्र बांधावें, मेंढीनें क्लोव्हर खाऊन लोंकर द्यावी आणि लेंडीमूत्र शेतांत टाकावें, आणि मग त्या सुपीक झालेल्या शेतांत गहूं पेरावा, अशी ही सांखळी. तिचे दुवे सुटे सुटे सर्वांच्या हातीं होते. ते जोडण्यास मात्र पहिल्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

ह्या कामांत ॲडिलेडच्या वेट संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. पीटर वेट ह्या धनिकानें दिलेल्या देणगींतून ती १९२४ सालीं उभी राहिली. तेथें १९२५ सालीं पिकांच्या फेरपालटीचा एक दीर्घ प्रयोग आरंभिला गेला, आणि तो १९९३ पर्यंत चालू होता. शेजारीं शेजारीं पाडलेल्या वाफ्यांत कोठें गहूं आणि पड, कोठें गहूं आणि कुरण, असे निरनिराळे क्रम वर्षानुवर्षें न बदलतां चालविले गेले. गहूं आणि पड ह्यांच्या आळीपाळींत मातींतील सेंद्रिय द्रव्य खालीं खालीं जात राहिलें. जेथें कुरण अधिक वर्षें राहिलें तेथें तें बरेंचसें टिकलें. शेतकऱ्याला एका आयुष्यांत क्वचितच दिसणारी गोष्ट ह्या वाफ्यांनीं आंकड्यांत मांडून दाखविली.

कांहीं ठिकाणीं मात्र सुपरफॉस्फेट देऊनही क्लोव्हर पिंवळेंच राही. १९४२ सालीं ए. जे. अँडरसन ह्या शास्त्रज्ञानें ॲडिलेडजवळच्या मेडोज ह्या गांवीं दाखवून दिलें कीं, तेथील मातींत मॉलिब्डेनम ह्या धातूची उणीव आहे. एकरीं एक-दोन औंस इतकी अल्प मात्रा दिली असतां क्लोव्हर हिरवेंगार होतें. कारण त्या धातूवांचून गांठींतील जंतूंना नत्र बांधतां येत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांत ‘नव्वद मैलांचें वाळवंट’ म्हणून ओळखला जाणारा टापू होता. तेथें पाऊस बरा पडे, तरी कांहीं पिकत नसे. तेथें तांबें आणि जस्त ह्यांची वाण आहे असें आढळून आलें. तीं दिल्यावर त्याच वाळूंत कुरणें उभीं राहिलीं. नांवांतील वाळवंट हा शब्द काढून टाकावा लागला, आणि त्या टापूला कूनलपिन डाउन्स असें नवें नांव मिळालें.

तथापि खरी कोरडवाहू जमीन म्हणजे दहा ते पंधरा इंच पावसाचा गव्हाचा मुलूख. माउंट बार्करचें मूळ क्लोव्हर तेथें टिकेना. त्याला फुलावर यावयास उशीर लागे, आणि बीं धरण्यापूर्वींच ओल संपे. म्हणून लवकर फुलणाऱ्या जातींचा शोध सुरू झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियांत बॉयप ब्रूकजवळच्या एका शेतांत अशी एक जात सांपडली, आणि त्या शेताच्याच नांवावरून तिला ‘ड्वालगनप’ असें नांव पडलें. चुनखडीच्या जमिनींत मात्र कोणतेंच भूमिगत क्लोव्हर नीट येत नसे. तेथें मेडिक उपयोगी पडलें. हें लसूणघासाच्या कुळांतील वर्षायु गवत. त्याच्या शेंगा गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या असतात. तेंही भूमध्य प्रदेशांतून असेंच नकळत आलेलें. १९५५ सालचें ‘जेमलाँग’ आणि १९५९ सालचें ‘हार्बिंजर’ हे त्याचे वाण गाजले. जाड मातींत एक, वाळवट मातींत दुसरा, आम्ल जमिनींत क्लोव्हर, अशी जमिनीप्रमाणें आणि पावसाप्रमाणें वाणांची निवड होऊं लागली. जेमलाँगच्या वंशांतील एका झाडाची संपूर्ण आनुवंशिक लिपि शास्त्रज्ञांनीं वाचली आणि ती २०११ सालीं प्रसिद्ध केली. शेंगावर्गाच्या अभ्यासाची ती आज आधारभूत वनस्पति आहे.

ही चढती कमान चालू असतांनाच एक अघटित घडलें. १९४० नंतर पश्चिम ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळांच्या कळपांत मेंढ्या गाभण राहीनात. ज्या राहत त्यांचीं कोंकरें प्रसूतींतच मरत. कित्येकींचें अंग बाहेर पडे. खच्ची केलेल्या नरांना दूध आल्याचेंही आढळलें. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्याचें कुरण उत्तम, ज्यानें सांगितल्याप्रमाणें खत देऊन क्लोव्हर दाट वाढविलें, त्याच्याच कळपाची हानि सर्वांत अधिक. सल्ला मानणाऱ्याच्या दारांत असें दैव यावें, ह्यानें शेतकऱ्यांचा विश्वास डळमळला. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर ह्यांनीं १९४६ सालीं ह्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि दोष क्लोव्हरकडे आहे असें दाखविलें. पुढें उघड झालें कीं, क्लोव्हरच्या पानांत फॉर्मोनोनेटिन नांवाचें एक द्रव्य असतें. मेंढीच्या पोटांत त्याचें रूपांतर होऊन तें मादीच्या शरीरांतील संप्रेरकासारखें वागतें, आणि दीर्घकाळ तेंच खाणारी मेंढी कायमची वांझ होऊं शकते. ड्वालगनपमध्यें हें द्रव्य विपुल होतें. ज्या गुणासाठीं ती जात निवडली, तो लवकर फुलण्याचा गुण सर्वांनीं पाहिला. पानांत दडलेला दोष कोणीच तपासला नव्हता. १९६० नंतरच्या दशकांत ‘सीटन पार्क’सारखे, हें द्रव्य अत्यल्प असलेले वाण आले, आणि तेव्हांपासून नवा वाण प्रसिद्ध करण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य मानली गेली.

तोंवर दुसऱ्या महायुद्धानंतरचें सुबत्तेचें युग सुरू झालें होतें. १९५० सालीं सशांवर रोगजंतु सोडण्यांत आले आणि कुरणें खाऊन टाकणाऱ्या सशांची संख्या बेसुमार घटली. १९५०-५१ सालीं कोरियांतील युद्धामुळें लोंकरीचा भाव इतका चढला कीं, उत्तम लोंकरीच्या एका रत्तलाला एक पौंड नाणें मिळूं लागलें. अशा वेळीं अर्धें शेत उघडें पडीत ठेवणें कोणाला परवडणार? पडीची जागा क्लोव्हर आणि मेडिक ह्यांनीं घेतली. एक वर्ष किंवा दोन वर्षें कुरण, मग गहूं, कोठें त्यामागून जव, आणि पुन्हां जमिनींतील बियांतून आपोआप उगवलेलें कुरण, असा फेर ठरला. इंग्रजींत ह्या पद्धतीला ‘ले’ शेती असें नांव आहे. नांगरट उथळ ठेवावयाची, म्हणजे बीं खोल गाडलें जात नाहीं. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मेंढ्या आवरावयाच्या, म्हणजे बीं धरतें. ह्या दोन पथ्यांवर सारा डोलारा उभा होता. मातीला घडण आली, धुळीचे लोट कमी झाले, आणि गव्हाची सरासरी सतरा-अठरा बुशेलांपर्यंत चढली. जी मेंढी आणि जो गहूं पूर्वी जागेसाठीं एकमेकांशीं भांडत होते, ते आतां एकमेकांचे पोशिंदे झाले.

यश मिळालें कीं तें दुसऱ्यांस देण्याची हौस होते. १९७० नंतर लिबिया, अल्जीरिया, इराक इत्यादि देशांत ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ हीच पद्धत घेऊन गेले. क्लोव्हर आणि मेडिक जणूं माहेरीं परत चाललीं होतीं! माती आणि पाऊस ओळखीचे होते. तरीही पद्धत तेथें व्यापक रीतीनें रुजली नाहीं. तेथील ट्रॅक्टरवाला खोल नांगरी आणि बीं गाडून टाकी. त्याहून मोठी अडचण अशी कीं, शेत एकाचें आणि मेंढ्या दुसऱ्याच्या. पीक निघालेल्या रानांत कोणाच्याही कळपानें चरावें अशी तेथील जुनी वहिवाट. त्यामुळें फुलोऱ्यांत कळप आवरणार कोण? ज्यानें बियाणें विकत घेतलें त्याच्या वांट्याला कुरण येईना, आणि ज्याला कुरण मिळालें त्याला बियाची काळजी नव्हती. ऑस्ट्रेलियांत कुंपण घातलेलें शेत आणि त्यांतील कळप एकाच मालकाचे होते, ही गोष्ट तेथील कोणाला विशेष वाटलीच नव्हती. ती सर्वांत महत्त्वाची ठरली.

घरींही दिवस सारखे राहिले नाहींत. १९७७ सालीं लसूणघासावरील मावा ऑस्ट्रेलियांत शिरला, आणि जेमलाँगसारखे लोकप्रिय मेडिक त्याला बळी पडले. मावा सहन करणारे नवे वाण काढावे लागले. दीर्घकाळ क्लोव्हर असलेल्या कांहीं जमिनी आम्ल होत आहेत असें आढळलें, कारण सांठलेलें नत्र पिकानें न उचलल्यास तें पावसाबरोबर खालीं झिरपतें. त्यावर चुना देणें भाग पडलें. तणनाशकें आलीं तसा तण मारण्यासाठीं कुरणावर विसंबण्याचा प्रघात सुटला; पण १९८२ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील रायगवत एका तणनाशकाला दाद देईनासें झाल्याची नोंद झाली. १९९१ सालीं लोंकरीच्या आधारभूत किंमतीची योजना कोसळली, आणि अनेकांनीं मेंढ्या काढून टाकून ल्युपिन, वाटाणे, कनोला हीं पिकें धरलीं. तरी फेरपालटीचें तत्त्व त्यांना सोडतां आलें नाहीं. ल्युपिन आणि वाटाणा हीं शेवटीं शेंगावर्गाचींच पिकें आहेत. रायगवतानें त्रस्त झालेले कांहीं शेतकरी तर पुन्हां क्लोव्हर आणि मेंढीकडे वळले, कारण मेंढीच्या दांतांना तोंड देणारें तण अजून तयार झालेलें नाहीं.

ह्या इतिहासांतून दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्यानें क्लोव्हरचें बीं मागवावें असा अर्थ कोणी काढूं नये. तेथील पाऊस थंडींत पडतो, येथील पावसाळ्यांत. भूमध्य प्रदेशाची वनस्पति येथल्या उष्ण पावसाला मानवणारी नव्हे. उष्ण कटिबंधांतील कुरणांसाठीं ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं स्टायलो ह्या शेंगावर्गीय गवताची निवड केली, आणि तेथून तें हिंदुस्थानांतील हलक्या माळरानांवरही आलें, हा त्या देशाशीं आपला खरा संबंध. पण घ्यावयाचें तें बियाण्याहून वेगळें आहे. गॉयडरनें झाडोऱ्याला विचारलें, हॉवर्डनें तणाला विचारलें, आणि वाफ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनीं मातीला विचारलें. ज्यांनीं ह्यांपैकीं कोणालाच विचारलें नाहीं, त्यांचीं घरें फरीनाच्या वाटेवर ओस पडलीं. आपल्या कुणब्यानें एक पीक काढून दुसरें पेरतांना ‘बेवड कशाचा?’ असें विचारावें, ह्यांत तोच विवेक आहे. तो प्रश्न त्याला नव्यानें शिकवावा लागत नाहीं. त्याच्या उत्तराला पाऊस, कळप, बाजार आणि जमिनीची मालकी ह्यांचीही जोड द्यावी लागते, एवढेंच दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या दीडशें वर्षांनीं त्यांत अधिक घातलें आहे.